रिठदला अक्षरं गळतात

माझ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे जगातले सगळे वापरकर्ते एका खोलीत मावतात. ती खोली वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात, रिठद नावाच्या गावी आहे. मी राहतो रत्नागिरीला. गेल्या सप्टेंबरात मी त्यांना भेटून आलो. ज्यांचं तिकडे जाणं झालेलं नाही, आणि व्हायचं काही कारणही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी थोडं सांगायला हवं. संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जी जागी होते आणि बाकीच्यांना कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टिम. ती मोठ्या कंपन्या बनवतात आणि आपण निमूटपणे वापरतो. पण जगात काही माणसं अशी आहेत की ती ही वस्तू घरच्या घरी, नोकरी सांभाळून, कोणी सांगितलेलं नसताना बनवतात. कुणाची अख्खी सिस्टिम जुन्या एका फ्लॉपीत मावते, खिडक्या आणि माऊससकट. एक चमू कित्येक वर्षं एका बंद पडलेल्या सिस्टिमला पुन्हा उभं करतो आहे. दुसरा एक चमू तितकीच वर्षं एका प्रसिद्ध सिस्टिमची हुबेहूब प्रतिकृती घडवतो आहे, आणि ती होतच आली आहे. ही झाली नावाजलेली मंडळी. त्यांच्या खाली आमच्यासारखे बिननावाचे. आम्ही इंटरनेटवर एके ठिकाणी जमतो, एकमेकांना आपापल्या पडद्याचे फोटो दाखवतो आणि 'छान' म्हणतो. एकमेकांची सिस्टिम कोणी वापरत नाही. तशी पद्धत नाही.

माझ्या सिस्टिमचं नाव कुळीथ. दिवसा मी एका पतसंस्थेतले संगणक सांभाळतो. पहाटे आणि रविवारी कुळीथ. आकाराने लहान, जुन्या भांड्यातही शिजतो आणि कोकणाबाहेर फारसं कोणी विचारत नाही, म्हणून हे नाव. त्यात दोन गुण आहेत. जुन्यात जुन्या यंत्रावरही तो पटकन सुरू होतो. आणि पहिल्या ओळीपासून मराठीत लिहितो. दोष नाहीत, असं माझं गेल्या सप्टेंबरापर्यंत मत होतं. माझी बायको त्याला नावाने हाक मारत नाही. 'ते तुमचं' म्हणते.

कुळीथ मी इंटरनेटवर फुकट ठेवला आहे, खाली माझा नंबर देऊन. एक दिवस त्या नंबरावर तायडे मॅडमचा संदेश आला. या बाई रिसोडला एका शाळेत क्लार्क आहेत आणि रिठदला, आपल्या गावी, मुलामुलींना आणि बायकांना मराठी टायपिंग शिकवतात. संदेश असा: 'सर, तुमची सिस्टिम आमच्याकडे चालू आहे. अक्षरं गळतात.'

पहिलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्याला उत्तर दिलं: 'माझ्याकडे गळत नाहीत.' त्यांनी पुन्हा लिहिलं, गळतात. मी पुन्हा लिहिलं, गळत नाहीत. हे बरंच चाललं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मग येऊन पाहा.'

बायको म्हणाली, "जाऊन या. इतकी वर्षं कोणी बोलावलं नव्हतं."

मेडशी

अकोल्याहून वाशीमकडे जाणारी एस.टी. मेडशीला थांबली. मी चहा प्यायला उतरलो. चहा चांगला होता, म्हणून दुसरा घेतला. दुसरा हातात आला तेव्हा गाडी गेलेली होती आणि माझी पिशवी गाडीत होती. पिशवीत कपडे, भेट द्यायला आणलेलं कुळथाचं पीठ, आणि कुळीथाची नवी कोरी आवृत्ती असलेला पेनड्राइव्ह.

"गेली काय गाडी?" चहावाल्याने विचारलं.

"गेली."

"पैल्याच चहावर जायाचं होतं तुमी," तो म्हणाला. हे खरं होतं.

आमच्याकडे अशा वेळी चारजण जमतात आणि चूक कुणाची यावर चर्चा करतात. इथेही चारजण जमले, पण त्यांनी आधी फोन लावला. पुढे मालेगावच्या, म्हणजे वाशीमकडच्या मालेगावच्या, स्टँडजवळ चहावाल्याच्या साळ्याचा पानठेला होता. थो घेते बॅग उतरून, काळजी करू नका, असं मला सांगण्यात आलं.

"बॅगेत काय हाय, इचारून राह्यला," चहावाला फोनवर हात ठेवून म्हणाला.

"कुळथाचं पीठ. आणि एक ऑपरेटिंग सिस्टिम."

तो फोनात म्हणाला, "पीठ हाय. अन् कंप्युटरचं कायतरी हाय. पिठाले सांभाळ."

पुढची गाडी येईपर्यंत मी रस्त्याकडेला उभा राहिलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, पानं पिवळी पडायला लागलेली, आणि मधून मधून तुरीच्या हिरव्या ओळी. कोकणात शेत म्हटलं की ते कुठेतरी संपतं. बांध येतो, माड येतात, शेजाऱ्याशी भांडण येतं. इथे ते संपायचं नावच घेत नव्हतं. त्याकडे पाहून मला जरा अस्वस्थ वाटलं. मालेगावला पानठेल्यावर पिशवी जशीच्या तशी मिळाली. साळ्याने पिठाच्या पुडीवर आणखी एक कॅरीबॅग चढवून गाठ मारली होती. पेनड्राइव्हला तसं काही केलं नव्हतं.

शिरपूर जैन

गाडी बदलायला मध्ये वेळ होता म्हणून शिरपूरला उतरलो. गाव मोठं. जुनं जैन मंदिर आहे आणि लांबलांबून यात्रेकरू येतात. इथली मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, असं सांगतात. बाहेर एका टपरीवर मी आलुबोंडा मागितला. आमच्याकडे बटाटावडा सुका, चटणीशी. इथे तो वाटीत ठेवून त्यावर लाल रस्सा ओतला आणि मला विचारलंही नाही. पहिल्या घासाला कान गरम झाले.

शेजारी बसलेल्या एका यात्रेकरूने, कुठून आलात, कशासाठी, असं विचारलं. मी सांगितलं की संगणकाच्या आत मुळाशी जे असतं ते मी बनवतो आणि ते वापरणारी माणसं बघायला चाललो आहे.

"म्हणजे दुरुस्ती," तो म्हणाला.

"नाही, दुरुस्ती नाही."

"मग काही बिघडलेलं नाहीये?"

मी थोडा विचार केला. "त्यांचं म्हणणं आहे, बिघडलंय," मी म्हणालो.

"मग दुरुस्तीच," तो म्हणाला आणि देवळाकडे गेला.

रिठद, पहिला दिवस

तायडे मॅडम स्कूटी घेऊन थांब्यावर आल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा, खांद्याला मोठी पर्स. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "तुमी म्हातारे निघाले की, सर. मेसेजमध्ये लय चिडून लिहिता, म्हणून आमाले वाटलं कोणी पोरगाच असन."

टायपिंगची खोली गावातल्या बुद्धविहाराला लागून आहे. आम्ही गल्लीत वळलो तेव्हाच आवाज ऐकू यायला लागला. टण्. टण्. टण्. अगदी संथ आणि एकसारखा.

"आज काही कार्यक्रम आहे?" मी विचारलं.

"नाई, टायपिंग हाय."

आत गेलो. शाळेने काढून टाकलेले संगणक भिंतीला लावून मांडलेले. प्रत्येकावर काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात लहानसं 'कुळीथ'. मी आजवर ते माझ्या टेबलाखेरीज कुठेच पाहिलं नव्हतं. एकेका पडद्यावरचं ते नाव मी वाचून काढलं, हे कबूल करतो. पडद्यांसमोर मुली, बायका, एक-दोन मुलगे. ओळीच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत नऊवारी नेसलेली एक म्हातारी. तिच्या मांडीवर स्टीलचं ताट पालथं घातलेलं आणि हातात मोठा चमचा. ती ताटावर चमचा मारायची, टण्, की सगळ्या खोलीत प्रत्येकजण एकच कळ दाबायचा. पुन्हा टण्, पुन्हा एक कळ. डोळे मिटले असते तर एकच अवाढव्य माणूस विचार करत करत टाइप करतोय असं वाटलं असतं.

"फास्ट केलं की अक्षर गळते," मॅडम म्हणाल्या. "मंग आमी तालावर घेतलं. तालावर गळत नाई."

म्हातारीचं नाव कौसाबाई. टोकाच्या यंत्रावर बसली होती ती वंदना, कौसाबाईंची सून. सुनेसोबत रोज यायचं आणि नुसतं बसायचं कशाला, म्हणून कौसाबाईंनी ताट हाती घेतलं होतं. ते त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलं नव्हतं.

एवढ्या सिस्टिमा असताना तुम्ही कुळीथच कसा निवडला, असं मी मॅडमना विचारलं. उत्तराची मी मनात थोडी तयारी करून ठेवली होती. सुटसुटीतपणा, वेग, मराठी, असं काहीतरी.

"काळ्यावर दुसरं काहीच चालत नाई," मॅडम म्हणाल्या. कुळीथाला इथे सगळे 'काळं' म्हणतात, पडद्यामुळे. "व्हिडिओ नाई, गेम नाई, इंटरनेट नाई. पोट्टे बसले की टायपिंगच करतात. दुसरा इलाजच नाई त्यायले."

मी आणलेल्या नव्या आवृत्तीत एक खेळ होता. त्यावर माझे सहा महिने गेले होते. पेनड्राइव्हवरचा हात मी खिशातच ठेवला.

मग मी मुद्द्यावर आलो. एका यंत्रासमोर बसलो आणि सगळ्यांदेखत एक परिच्छेद टाइप केला. एकही अक्षर गळलं नाही. "बघा," मी म्हणालो.

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी दोन बोटांनी टाइप करतो.

"भाऊ," कौसाबाई म्हणाल्या, "तुमी गहू निवडून राह्यले काय?"

मॅडमनी वंदनाला बसवलं. ताट बंद ठेवायला सांगितलं. वंदना पंचविशीची, बारीक, मान खाली घालून बसणारी. तिने बोटं कळांवर ठेवली आणि मग जे सुरू झालं त्याला मी टाइप करणं म्हणणार नाही. गारा पडल्यासारखा आवाज होता. पडद्यावर ओळी उमटल्या. त्यात दर चार अक्षरांमागे एक नव्हतं. काना होता, त्याच्या आधीचं अक्षर नव्हतं. शब्दांची हाडं राहिली होती.

"हं," मी म्हणालो. आमच्या मंडळींत याला पूर्ण कबुली समजतात. इथे तसं समजले नाहीत.

कारण तिथल्या तिथे माझ्या लक्षात आलं. दाबलेली कळ ठेवायला मी कुळीथात एकच खण केला होता. ती तिथून उचलायची, अक्षर जोडायचं, पडद्यावर काढायचं, मग पुढची. मराठी अक्षर जोडायला वेळ लागतो आणि ही यंत्रं म्हातारी. तेवढ्यात दुसरी कळ आली की ती पहिलीच्या उरावर बसायची आणि पहिली गेली. माझ्या घरचं यंत्र नवं आणि माझी बोटं दोन. माझ्या घरी हा दोष सापडणं शक्यच नव्हतं.

"याच महिन्यात परीक्षा हाय तिची," मॅडमनी हळू आवाजात सांगितलं. "मागच्या खेपेले नापास झाली."

"तिथे तर दुसरी सिस्टिम असणार. अक्षरं गळणार नाहीत," मी म्हणालो.

वंदनाने मान वर केली. "नाई गळलं, सर. पेपरच्या मशीनवर एकबी अक्षर नाई गळलं. पण माहा हात टणची वाट पाहे. वेळ सरला अन् अर्धा उतारा राहून गेला."

मग कौसाबाईंनीच पुढचं सांगितलं. वाशीमला एका दवाखान्यात नोंदणीच्या कामाची जागा आहे. टायपिंगचं सर्टिफिकेट आणलं तर घेतो म्हणालेत. "या वक्ताले झालं त झालं. नाई त दिवाळीनंतर नवरा-बायको दोघं ऊसतोडीले. गेल्या साली गेल्ते. येताना हिचे हात पाह्यले होते मी."

मला फार वाईट वाटलं. घरी बसून 'माझ्याकडे गळत नाहीत' असं जे मी सारखं लिहीत होतो, त्यातलं एकेक वाक्य आठवायला लागलं. मी म्हणालो, उद्या दुरुस्त करून देतो. शिरपूरचा यात्रेकरू बरोबर होता.

दुसरा दिवस

दुरुस्ती अवघड नव्हती. एका खणाच्या जागी खणांची रांग करायची; आलेली कळ रांगेत उभी राहील आणि वेळ आली की आत जाईल. मी विहाराच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो. वीज गेलेली होती, पण बॅटरी होती. लोक येता-जाता थांबत, पडदा पाहत, पाणी विचारत आणि पुढे जात. एक म्हातारा बराच वेळ उभा राहून म्हणाला, "याच्यातलं एक अक्षर चुकलं त?" मी म्हणालो, "मग काहीच चालत नाही." "मंग नका चुकू," तो म्हणाला आणि शेताकडे गेला.

संध्याकाळी वीज आली. नवा कुळीथ प्रत्येक यंत्रावर घातला. खेळ काढून टाकला होता. वंदना बसली. गारांचा आवाज झाला आणि पडद्यावर पूर्ण ओळ उमटली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी वर्षं हे ऐकायची वाट पाहत होतो. तेव्हा मी आनंदाच्या भरात, या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात वाईट वाक्य बोललो.

"आता ताट लागणार नाही," मी म्हणालो.

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग चमचा पदराला पुसला, ताट काखेत मारलं. "मंग मी कायले बसू इथं? जातो मी घरी," म्हणाल्या. इकडे बायकाही स्वतःविषयी 'मी जातो' म्हणतात. त्या गेल्या.

आणि त्या गेल्यावर खोलीचं काही खरं राहिलं नाही. तालाशिवाय कुणाचाच हात चालेना. कुणी चार कळा दाबून थांबे, कुणी शेजारणीकडे बघे. वंदनाही पहिल्या ओळीनंतर अडखळायला लागली. छोट्या ओळीला हात सुटायचा. लांब उतारा दिला की मध्येच बोटं हवेत थांबायची. अक्षर एकही गळत नव्हतं. हातच थांबत होते. मॅडमनी घड्याळ लावून पाहिलं आणि घड्याळ पर्समध्ये टाकलं. मला कळेना की आता मी काय दुरुस्त करू. यासाठी खणांची रांग कुठे लावायची ते मला माहीत नव्हतं.

रात्रीचं जेवण कौसाबाईंकडे होतं. ते आधीच ठरलं होतं, त्यामुळे कुणालाच टाळता आलं नाही. ज्वारीची भाकर, कढी-गोळे, ठेचा, आणि पाहुण्याने आणलेल्या पिठाचा मान म्हणून कुळथाचा झुणका. माझ्या पुढ्यात जे ताट आलं ते मी लगेच ओळखलं. चमच्याने मार खाऊन खाऊन मधोमध वाकलेलं, आणि आता उलट्या बाजूने उंचवटा. कढी त्याच्याभोवती खंदकासारखी फिरत होती आणि भाकर एका जागी बसत नव्हती.

"रिकामंच हाय ते आता," कौसाबाई म्हणाल्या. "त म्हटलं, तुमालेच वाढावं."

मी खाली मान घालून जेवलो. झुणक्यात कुळीथ कुठे आहे ते मला सापडलं नाही. तेल होतं, लसूण होता, मिरची भरपूर होती.

"तुमच्या इकडं तिखट नाई घालत काय?"

"घालतो."

"मंग डोये काहून पुसून राह्यले?"

वंदना दाराआड हसली. माझ्या मुक्कामात ती पहिल्यांदाच हसली असावी. मी विचारलं, लय वाढवून शिकता येणार नाही का, म्हणजे एखादं यंत्र लावून. कुळीथात तसा टण्-टण् आवाज मी टाकू शकतो. वंदना म्हणाली, "नाई सर. मशीनचा आवाज आला की मी त्याच्याकडं ध्यान देतो. आत्याबाईच्या ताटाकडं ध्यान द्या लागत नाई."

कौसाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही, पण त्यांनी ऐकलं होतं.

तिसरा दिवस

दुपारच्या गाडीने मी निघणार होतो. सकाळी निरोप घ्यायला टायपिंगच्या खोलीवर गेलो तर कौसाबाई आधीच खुर्चीत बसलेल्या. ताट घासून लख्ख केलेलं आणि मांडीवर पालथं.

"भाऊ, तुमचं मशीन आता कितीबी फास्ट घेते?"

"घेतं."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुळीथाविषयी काही बोलताना मला भीती वाटली.

मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तरुणपणी कौसाबाई विहाराच्या बायकांच्या गायन पार्टीत खंजिरी वाजवायच्या. आसपासच्या गावांत त्यांचा हात माहीत होता.

कौसाबाईंनी मला शिकवल्यासारखं सांगितलं. "लय एकदम नाई वाढवत. गाणारीले समजलं त ती घाबरते, अन् घाबरली की बेसूर. तिले समजू न देता वाढवा लागते."

टण् सुरू झालं. जुनंच, संथ. सगळ्या खोलीचे हात एकदम जिवात जीव आल्यासारखे चालायला लागले. मी कान देऊन ऐकत होतो तरी ते वाढतंय हे मला कळलं नाही. कळलं ते एका मुलीने हात वर केले तेव्हा. मग दुसरीने. मग त्या मुलग्यांनी एकमेकांकडे बघून हात सोडले. आता ताटावर चमचा नाचत होता आणि वंदना मान खाली घालून चाललीच होती. पडद्यावर एकही भोक नव्हतं. मी खणांची रांग मोजत होतो. मनात म्हणत होतो, धर, बाबा, धर. मग एका जोडाक्षरावर तिची बोटं एकमेकांत अडकली आणि ती थांबली.

ताटही थांबलं. "बस आजच्याले," कौसाबाई म्हणाल्या. "उद्या इथून पुढं."

मी मॅडमना विचारलं, परीक्षेपर्यंत होईल का?

"आमी रोज घेतो, सर," त्या म्हणाल्या. होईल असं म्हणाल्या नाहीत.

स्कूटीवरून थांब्यावर सोडताना त्यांनी माझ्या हातात एक पुडी दिली. आत तुरीची डाळ होती. गाडी आली. या वेळी मी वाटेत कुठेही चहाला उतरलो नाही.

रत्नागिरी

घरी आल्यावर मी सगळं बायकोला सांगितलं. तिने तुरीच्या डाळीचं कौतुक केलं.

त्यानंतर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मॅडमचा संदेश आला. 'सर, काळ्यामध्ये एक नवीन अडचण. सुरू होताना पडदा लुकलुकतो.' माझ्याकडे लुकलुकत नाही, असं मी लिहिलं नाही. 'बघतो' असं लिहिलं. मग त्यांनी एक आवाज पाठवला. सोबत काही लिहिलेलं नव्हतं.

वंदनाच्या परीक्षेचा निकाल मी हे लिहीपर्यंत लागलेला नाही. पण त्या आवाजात काय होतं ते सांगतो.

आधी ताट. सुरुवातच इतकी जलद होती की मला वाटलं फोन बिघडला. त्याच्याखाली कळांचा गलबला. मग गलबला पातळ होत गेला. एकेकजण सुटत होता, ते स्पष्ट कळत होतं. शेवटी एकच हात उरला, गारांसारखा, ताटाच्या बरोबरीने. ताट वाढलं, हात वाढला. ताट आणखी वाढलं. मग ताट जरा डळमळलं, एक ठोका चुकला, दुसरा हलका पडला, आणि कौसाबाईंचा आवाज आला, धापा टाकत, "हात भरून आला व माय."

ताट थांबलं.

कळा थांबल्या नाहीत. तशाच, त्याच वेगाने, एकट्या. त्यावर पुन्हा कौसाबाई, अगदी जवळून: "मी थांबलो त थांबलो. तू चाल."

मी खुर्चीतच बसून होतो. मला भरून आलं, आणि या खेपेला मिरचीचा काही संबंध नव्हता. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती, ती दारातच उभी राहिली.

"हे कशावर चाललंय?" तिने विचारलं. "कुळीथावर?"

"कुळीथावर," मी म्हणालो.

ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"परत लावा जरा," म्हणाली.